येताना सुटे आणा

निघायच्या आधी खिसे रिकामे करा. लाजू नका, कुणी बघत नाही. मागे लाल किल्ला असलेली ती करडी पाचशेची नोट इथंच टेबलावर ठेवा. दोनशेची पिवळी, पन्नासची निळी, शंभरची जांभळट, सगळ्या काढा. आपण जिथं चाललोय तिथं यातली एकही अजून जन्माला आलेली नाही. दाखवलीत तर लोकांना वाटेल, हा व्यापाराच्या खेळातले पैसे घेऊन आलाय. दोन हजाराची एखादी गुलाबी नोट आठवण म्हणून जपली असेल तर तीही राहू द्या. तिला यायला अजून दोन दिवस आहेत, आणि ती आल्यावरही काडीचा उपयोग होणार नाही, हे पुढं कळेलच. फोन घ्या, पण त्यातून पैसे देता येतील या भ्रमात राहू नका. टपरीवर, भाजीच्या गाडीवर, न्हाव्याच्या आरशाखाली, कुठेच क्यूआर कोडचा कागद चिकटवलेला नाही.

मग न्यायचं काय? जुन्या मळक्या शंभराच्या नोटा, मिळतील तेवढ्या. दहाच्या, वीसच्या. आणि मूठभर नाणी. आज ही चिल्लर वाटतेय. दोन दिवसांनी, आपण चाललोय त्या वरणगावात तुमच्याएवढा सावकार नसेल.

झालं? मग बसा या एसटीत. भुसावळचं बसस्थानक, नोव्हेंबर 2016, तारीख 8, मंगळवारची संध्याकाळ. दिवाळी होऊन आठवडा लोटलाय. मुक्ताईनगरकडं जाणारी लाल गाडी खचाखच भरलेली आहे. तुमच्या पायाशी कोथिंबिरीची ओली जुडी, मांडीला कुणाच्या तरी नातवाचं डोकं, नाकाशी डिझेल आणि तंबाखू. खिडकीची काच खुळखुळ वाजते आणि तिच्या फटीतून येणारा वारा आता थंड लागतो. उन्हाळ्यात ज्या भुसावळच्या नावानं सगळा महाराष्ट्र घाम पुसतो, तेच हे भुसावळ. पण या महिन्यात इथं संध्याकाळी अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं. दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या अंधारात लाल दिवे लुकलुकवत उभ्या असतात, आणि जिभेवर राखेची बारीक चव येते. बाजूनं ट्रकांची रांग. केळीचे, कोळशाचे, कापसाचे. हायवे अजून दोनपदरी आहे, त्यामुळं ओव्हरटेक करताना ड्रायव्हरबरोबर सगळी गाडी श्वास रोखून धरते.

कंडक्टर तुमच्या शंभराच्या नोटेकडं बघून तोंड वाकडं करतो. "सुटे नाहीत का?" लक्षात ठेवा हे वाक्य. शंभराच्या नोटेला नाक मुरडणारा हा शेवटचा माणूस आहे.

वरणगावच्या स्टँडवर उतरलात की सरळ लॉज शोधायला निघू नका. कुणीतरी हाक मारेलच. खानदेशात नोव्हेंबर म्हणजे भरीताचा मोसम, आणि भरीत एकट्यानं खायची वस्तू नव्हे. "या ना भो, बसा मागं," म्हणत एक जण तुम्हाला मोटारसायकलवर घालतो आणि तापीकडच्या वाटेनं शेतात नेतो. कपाशीत बोंडं फुटलीत, अंधारातही पांढरी दिसतात. विहिरीशी बल्ब टांगलाय आणि त्याच्याभोवती चिलटं. गेल्या सालच्या पऱ्हाट्यांचा ढीग पेटवलाय आणि त्यावर हिरवी, हातभर वांगी टाकलीत. कुणी बामणोदची म्हणून सांगतो, कुणी म्हणतो आपल्याच रानातली. जाळ असा की पुढून भाजता आणि पाठीला थंडी वाजते. वांग्याची साल तडकते, आतलं पाणी फुसफुसतं, आणि त्या धुराचा वास शर्टाला लागतो तो पुढं दोन धुण्यांत जात नाही.

मग खरं काम. वांगी सोलायची, देठ राखून. गरम गर लाकडी बडगीत घालायचा आणि मुसळीनं ठेचायचा. हिरव्या मिरच्या, लसूण आणि शेंगदाणे तेलात परतलेले. वरून पातीचा कांदा. मिक्सर काढाल तर हे लोक तुम्हाला त्याच विहिरीत ढकलतील. भाकरी कळण्याची, उडीद-ज्वारीची, काळपट, जाड, हातावर थापलेली. पहिला घास तोंडात जातो. डोळ्यांत पाणी येतं, मिरचीनं की सुखानं ते विचारायला कुणाला वेळ नाही.

दुसरा घास हातात असताना एकाचा फोन वाजतो. मग दुसऱ्याचा. मग सगळ्यांचे.

"पाचशे-हजारच्या नोटा बंद! आज रात्री बारापासून!"

"कोनं सांगितलं तुले?"

"मोदी सोता सांगू राह्यले टीव्हीवर."

सप्टेंबरपासून पोरांकडं जिओची फुकट सिमं आहेत. एक जण फोन उभा धरतो, बाकीचे खाली वाकतात. चित्र अडकतं, पुन्हा चालतं. जाळाच्या उजेडात बारा-पंधरा तोंडं त्या वीतभर पडद्याकडं लागलेली. भाषण संपतं. कुणी बोलत नाही. मग शेताचा मालक सावकाश हात धुतो, बंडीच्या आतल्या खिशात हात घालतो आणि रबर लावलेलं एक पुडकं काढतो. आजच कापूस दिला होता. हजाराच्या नोटा. तो त्या मोजत नाही, नुसता बघतो.

"आता मंग हे काय, जाळात घालू?"

सगळे हसतात. तोही हसतो. पण भरीत त्या रात्री उरतं. भरीत उरलेलं इथं कुणी पाहिलेलं नाही.

परतताना पेट्रोल पंपावर गर्दी. रात्री अकरा वाजता गावातली प्रत्येक मोटारसायकल एकदम तहानलेली. पंपावर जुन्या नोटा अजून काही दिवस चालणार आहेत, पण हे कुणाला सांगून उपयोग नाही. पंपावरचा पोरगा ओरडतो, "पाचशेचं टाकायचं तं पूर्ण पाचशेचं टाका, सुटे नाहीत!" टाक्या काठोकाठ भरतात, पेट्रोल बाहेर सांडतं, वास घशात बसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँका बंद, एटीएमची शटरं खाली, आणि जगात दुसरंच काहीतरी चाललेलं. तुम्ही चहाच्या टपरीवर बसता. टीव्हीचा पडदा दोन भागांत कापलेला. एका बाजूला पाचशेची नोट, दुसऱ्या बाजूला अमेरिकेचा नकाशा, लाल-निळा. एकेक राज्य रंगत जातं आणि लाल वाढत जातो. तिकडं रात्र आहे, इकडं दुधाचा टँकर हॉर्न देतोय. दुपारच्या सुमारास डोनाल्ड ट्रम्प निवडून आल्याचं पक्कं होतं. जगभरच्या पेपरांच्या कचेऱ्यांत तयार मथळे बदलायची धावपळ उडालेली असणार. इथं बाकड्यावरचे आबा बशीतला चहा फुंकून पितात आणि एकच प्रश्न विचारतात, "तो आला तं आपल्या कापसाले भाव येईन का?"

टिंगल करू नका. त्या दिवशी वाहिन्यांवरच्या विद्वानांनी विचारलेल्या प्रश्नांत मला तरी याहून नेमका प्रश्न आठवत नाही. पुतण्या न्यू जर्सीत असलेले एक गृहस्थ तेवढे खरेखुरे बेचैन आहेत. त्यांचा फोन तिकडं लागत नाही. लागतो तेव्हा पुतण्याच विचारतो, "काका, तुमच्याकडे नोटांचं काय झालं?"

आता रांग. या महिन्यात तुम्ही सगळ्यात जास्त वेळ जिथं राहाल ती जागा हीच, तेव्हा नीट बघून घ्या.

बँक दहाला उघडते. रांग पहाटे पाचला लागते. पाचला माणसं नसतात, त्यांच्या चपला असतात. एक रबरी स्लीपर, एक वीट, एक पाण्याची बाटली, दगडाखाली दाबलेली पिशवी. मालक शेजारच्या ओट्यावर शेकोटीपाशी. कुणाच्या चपलेनंतर कुणाची वीट, हे सगळ्यांना पाठ असतं आणि त्यावर कोर्टात टिकेल अशी साक्ष कुणीही देईल. सात वाजता माणसं आपापल्या चपलांत शिरतात. नऊला ऊन अंगावर येतं. अकराला ते टोचायला लागतं. सकाळी घातलेलं स्वेटर कमरेला, मग डोक्यावर. घामाचा वास, तेल लावलेल्या केसांचा, बिडीचा, कुणाच्या पिशवीतल्या मेथीचा. पुढचा माणूस हलला की तुम्ही हलता. तो खाजवायला हलला होता हे नंतर कळतं.

समोरच्या झेरॉक्सवाल्याची खरी दिवाळी आत्ता आहे. आधारकार्डाची प्रत लागते, म्हणून त्याच्याकडं वेगळी रांग. मशीन तापून टोनरचा करपट वास येतो. झेरॉक्सचे दोन रुपये. तुमच्याकडं पाचचं नाणं आहे. "राहू द्या, उद्या द्या," तो म्हणतो. तीन रुपये परत द्यायला त्याच्याकडं नाहीत. ही पहिली उधारी. अजून बऱ्याच व्हायच्या आहेत.

बायकांची रांग शेजारी, भिंतीच्या सावलीला. तिच्यातली एक काकू तुम्हाला हेरतात. तुमच्या खिशाला पेन दिसतंय. या महिन्यात पेनवाल्या माणसाची सुटका नाही.

"एवढा फारम भरून दे ना रे भाऊ."

फॉर्म भरायचा तर नोटा मोजाव्या लागतात. काकू पदराआडून प्लास्टिकची पिशवी काढतात. पिशवीत रुमाल, रुमालात पाचशेच्या सात नोटा, प्रत्येक चार घड्या घातलेली. उलगडताना कडूलिंबाचा वास येतो. गव्हाच्या कोठीत होत्या या, पाल्याखाली. घड्यांवर नोट पांढुरकी झालीये, गांधीजींच्या चष्म्यावरून एक घडी गेलेली. सात नोटा साठवायला किती दिवाळ्या लागल्या, ते काकू सांगत नाहीत आणि तुम्ही विचारू नका. त्या एवढंच म्हणतात, "म्हताऱ्याले सांगू नको बरं."

म्हातारा पुरुषांच्या रांगेत तुमच्यापुढं चौथा आहे. तो मान वळवून बघतोच आहे. त्याला सात नोटा दिसल्यात. काकूंना तो बघताना दिसलाय. दोघंही काही बोलत नाहीत, आणि दोन्ही रांगांना मात्र आता दिवसभराची करमणूक मिळालेली असते. "आबा, घरात बँक होती आन् तुम्ही सोसायटीत कर्ज काढत होते!" त्या महिन्यात देशभर अशा कोठ्या, डबे, उशा आणि देव्हारे उघडे पडले. काळा पैसा किती सापडला याचा वाद मोठ्या माणसांनी घालावा. बायकांचा पैसा मात्र सगळाच सापडला, ही गोष्ट मी रांगेत उभं राहणाऱ्या कुणाहीकडून खोडून घ्यायला तयार नाही.

दीड वाजता तुम्ही दाराच्या आत. पंखा, पण वारा नाही. नोटा मोजायच्या यंत्राची फडफड. कॅशिअरचे डोळे लाल, घसा बसलेला, पुढ्यात पाण्याची बाटली उघडायलाही उसंत नाही. माणशी 4000 बदलून मिळतात, पुढं काही दिवस 4500, मग एकदम 2000. नियम रोज बदलतो आणि तो सांगायचं काम याच घशावर. काकूंचे साडेतीन हजार मिळतात: दोन हजाराची एक कोरी गुलाबी नोट, दहाच्या नोटांचं एक बंडल, आणि पाचच्या नाण्यांची एक जड पिशवी. काकू बंडल आणि पिशवी पदरात घेतात आणि गुलाबी नोट दोन बोटांत धरून उन्हात बघतात. मागं मंगळयान छापलंय. "हिच्यात चिप हाय म्हने," मागून कुणीतरी. व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय ना, जमिनीखाली पुरली तरी उपग्रहाला दिसते. रिझर्व्ह बँकेनं असलं काही नाही म्हणून सांगितलं, पण रिझर्व्ह बँकेचे मेसेज कोण फॉरवर्ड करतंय?

काकू तुम्हाला विचारतात, "याचे सुटे देतं का?"

तुमच्या खिशात शंभराच्या नोटा आहेत. गप्प राहा. मी सांगतोय म्हणून नाही. एकदा दिलेत की अर्धी रांग तुमच्यामागं येईल. सगळे गप्प राहतात, म्हणून तर गावात सुटे नाहीत.

पुढं बोटाला शाई लावायला लागतात, एकाच माणसानं दोनदा बदलू नये म्हणून. उजव्या हाताच्या बोटाला, कारण भुसावळला पालिकेची निवडणूक आलीये आणि डावं बोट मतदानासाठी राखून ठेवायचंय. निवडणूक आयोगालाही याची काळजी पडली आणि त्यानं सरकारला तसं पत्र लिहिलं. प्रचाराच्या रिक्षा दोन्ही हातांनी नमस्कार घालत फिरतायत. तिकडं पालिकांच्या कर खिडकीवर चमत्कार घडतोय: पाच-पाच वर्षं थकलेली घरपट्टी लोक आपण होऊन भरतायत, कारण तिथं जुनी नोट चालते. महावितरणच्या खिडकीवरही तेच. ज्यांची वीज तोडायला वायरमन शिडी घेऊन आला होता, ते आज "आगाऊ भरता येईल का?" असं विचारतात.

त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री मी तुम्हाला मुद्दाम एटीएमच्या रांगेत उभं करणार आहे. बँकेला सुट्टी आहे, देवळात त्रिपूर उजळलाय, आणि कुणीतरी बातमी आणलीये की रात्री दहाला गाडी येऊन मशीन भरणार. गल्लीत चाळीस-पन्नास माणसं. थंडी पायांतून वर चढते. फुटपाथवर बसलेल्यांचे मफलर, खोकले, फोनवर लागलेला राजकोटच्या कसोटीचा सारांश. कालच ती अनिर्णित सुटली. आणि वर चंद्र. 1948 नंतर तो पृथ्वीच्या इतका जवळ आलेला नाही, 3 लाख 56 हजार किलोमीटरवर. भलताच मोठा, भलताच पिवळा. त्याच्या उजेडात एटीएमच्या काचेवरचा "पैसे उपलब्ध नाहीत" हा हातानं लिहिलेला कागद रस्त्याच्या पलीकडून वाचता येतो. जगभर लोक आज दुर्बिणी घेऊन गच्चीवर चढलेत. इथं दुर्बीण लागत नाही, मान वर केली की झालं. पण मान वर करणाऱ्याचा नंबर जाईल या भीतीनं कुणी फार वेळ बघत नाही. एक बारकं पोरगं बापाच्या खांद्यावरून बोट दाखवतं. "नाना, चांद पाह्यला का?" बाप म्हणतो, "हो, पाह्यला. गाडी दिसते का पाय."

गाडी येते, साडेअकराला. नव्या नोटा जुन्या खणांत बसत नाहीत, म्हणून मशीनमध्ये शंभराच्याच भरतात. त्या अर्ध्या रांगेला पुरतात. तुम्ही दुसऱ्या अर्ध्यात आहात.

शेताकडं चला जरा, गावात फार कोंडमारा होतो. कापूस वेचणीला आलेल्या बायका ओळीनं पुढं सरकतायत, कमरेला ओटी बांधलेली, बोटांच्या कडा बोंडाच्या काट्यांनी चिरलेल्या. मजुरी किलोवर. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी रोख द्यायची असते आणि रोख नाही. बांधावर व्यापाऱ्याचा टेम्पो, इलेक्ट्रॉनिक काटा, आणि या महिन्यातली नवी रीत: एका कापसाला दोन भाव. जुन्या नोटा घेतल्या तर जास्त, चेक घेतला तर कमी. शेतकरी दोन्ही भाव ऐकतो आणि कापसाच्या गंजीवर बसून राहतो. चेक घ्यावा तर तो वटायला जिल्हा बँकेत टाकायचा, आणि जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला-बदलायला रिझर्व्ह बँकेनं आठवड्याच्या आत मनाई केलेली. गावोगावच्या विकास सोसायट्या त्या बँकेला जोडलेल्या. म्हणजे सगळ्या खानदेशातल्या शेतकऱ्याचं खातं जिथं, तिथलाच काउंटर ओस. हरभरा पेरायचाय, दादर ज्वारी पेरायचीये. कृषी केंद्रवाला बी देतो, वही उघडतो, नाव लिहितो. तो पैशाचं काही बोलत नाही. दिलं नाही तर त्याच्याकडचं बी तसंच पडून राहणार, हे दोघांनाही माहीत असतं.

किराणा दुकानात, दूधवाल्याकडं, मेडिकलमध्ये तीच वही. कुणी विचारलं, की कॅशलेस म्हणजे काय, तर या वहीकडं बोट दाखवा. वरणगाव त्या महिन्यात संपूर्ण कॅशलेस होतं.

लग्नं थांबत नाहीत. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची सुरू होतात, आणि पत्रिका दिवाळीआधीच वाटलेल्या. चला, तुम्हालाही आमंत्रण आहे. इथं अनोळखी माणूस मांडवात दिसला की वरपक्षाला वाटतं वधूकडचा आणि वधूपक्षाला वाटतं वराकडचा. पत्रिका दाखवली तर बँक अडीच लाखांपर्यंत देईल असं सरकारनं सांगितलंय, पण बँकेत असतील तेव्हा ना. हलवायी उधारीवर, मंडपवाला उधारीवर. बँडवाले "झिंगाट" वाजवतायत, यंदा दुसरं काही वाजवलं तर पोरं नाचत नाहीत. एरवी नाचणाऱ्यांवरून शंभराची नोट ओवाळतात. आज दहाची ओवाळतात, आणि तीही क्लॅरिनेटवाल्याच्या हातात पडायच्या आत एक काका परत खिशात घालताना तुम्ही पाहता. पंगतीत बट्टी, वरण आणि घोटलेली वांग्याची भाजी. बट्टी कुस्करून वरणात, वर तुपाची धार, हात कोपरापर्यंत ओशट. जेवणात काहीही कमी नाही. बाहेर आहेर लिहिणाऱ्याच्या टेबलावर मात्र पाकिटं फुगीर. एरवी एकावन्न देणारे आज पाचशे एक देतायत. लिहिणारा पाकीट उघडतो, जुनी पाचशेची बघतो, वर बघतो. देणारा लांब गेलेला असतो.

या महिन्यात एका सकाळी मात्र गावात कुणी विनोद करत नाही. रविवार. कानपूरजवळ पुखरायाँला पहाटे इंदूर-पाटणा एक्स्प्रेसचे चौदा डबे घसरलेत. भुसावळ परिसरात दर चार घरांआड रेल्वेचा माणूस. गँगमन, लोको पायलट, टीटीई, निवृत्त गार्ड. ती गाडी या मार्गानं जात नाही, पण रूळ मोडणं म्हणजे काय ते इथल्या लोकांना बातमीवाल्याच्या आधी कळतं. एक निवृत्त गार्ड पडद्यावरचा एकावर एक चढलेला डबा बघून हळूच म्हणतो, "झोपेतच गेले." मृतांचा आकडा संध्याकाळपर्यंत शंभराच्या पुढं जातो आणि शेवटी दीडशेच्या घरात. जखमींच्या नातेवाइकांना जुन्या नोटांतली मदत मिळाल्याचंही टीव्ही दाखवतो. टपरीवाला आवाज कमी करतो. त्याच दिवशी पी. व्ही. सिंधूनं चीनमध्ये चायना ओपन जिंकलेली असते. ती बातमी लोकांना सोमवारच्या पेपरात कळते.

पुढच्या शनिवारी फिडेल कॅस्ट्रो गेल्याची बातमी. नव्वद वर्षांचा होता. क्यूबा कुठं आहे हे विचाराल तर स्टँडवर कुणी सांगणार नाही, पण आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले, लाल बावट्याच्या युनियनमध्ये आयुष्य काढलेले एक तात्या आहेत, त्यांना विचारा. वरणगावच्या त्या फॅक्टरीत सैन्याच्या इन्सास रायफलीची 5.56 मिलीमीटरची काडतुसं होतात. तात्यांनी हयातभर काडतुसं केली आणि हयातभर क्रांतीवर भाषणं दिली, आणि यात त्यांना कधी विसंगती वाटली नाही. आज ते टपरीवरच्या सगळ्यांना स्वतःच्या खर्चानं चहा पाजतात. "कॅस्ट्रोच्या नावानं." सगळे पितात. मग तात्या पाचशेची जुनी काढतात. टपरीवाला हात जोडतो. कॅस्ट्रोच्या नावाचा तो चहा तात्यांच्या नावावर वहीत गेला: अकरा कप.

आता महिन्याचा शेवटचा दिवस. फॅक्टरीतले, रेल्वेतले, दीपनगरचे, सगळ्यांचे पगार खात्यावर जमा झालेत. फोनवर मेसेज येतात, टिंग टिंग. ग्रुप सीच्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना दहा हजार रोख आगाऊ उचलता येतील असं सरकारनं मध्यंतरी जाहीर केलं, तेव्हापासून घरोघरी त्या दहा हजारांचे वाटे पडलेत. तुम्ही सलूनमध्ये अर्ध्या दाढीवर आहात. टीव्हीवर कोलंबियात डोंगरावर पडलेल्या विमानाचे तुकडे, ब्राझीलचा एक अख्खा फुटबॉल संघ त्यात होता. न्हावी वस्तरा हवेत धरून बघतो. "पोरंच होते हो सगळे." साबण गालावर वाळत जातो, ताणतो.

बाहेर शिफ्ट सुटलीये. सायकली, मोटारसायकली, डब्यांचा खडखडाट. तेवढ्यात कुणीतरी गाडी न थांबवताच ओरडत जातो, "भुसावळले स्टेशनजवळच्या एटीएममध्ये पैसे आले! पाचशेच्या नव्या!"

अर्धा रस्ता जागीच वळतो. किका बसतात, धूळ उठते, हॉर्न. सलूनच्या दारात एक मोटारसायकल थांबते, त्या पहिल्या रात्री तुम्हाला शेतात नेलेला तोच गडी. मागं आधीच एक जण बसलाय.

"चला भो, लवकर."

तुम्ही गालावरच्या साबणाकडं बोट दाखवता, मग मागं बसलेल्याकडं.

"तिब्बल सीट?"

"बसा हो. पोलीस बी रांगेतच असतीन."